पुसलेली लाल रेघ

‘बॉयलर फुटला, साहेब भाजले,’ एवढंच बोलून तुकारामानं फोन ठेवला. साहेब म्हणजे दिगांबर, माझा मावसभाऊ. नांदेडच्या दवाखान्यात तो त्यानंतर थोडे दिवस जगला आणि जगला तोवर नर्सच्या चुका काढत राहिला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. पण त्यानं जिवंत माणसांबद्दल कधी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही, तेव्हा मी तरी पेपरात खोटं कशाला लिहू?

उमेदीची सगळी वर्षं त्यानं पुण्याकडच्या एका कारखान्यात एकच काम केलं. लोखंडाचा भाग न कापता, न तोडता त्यातली भेग शोधायची. भागावर लाल रंग फवारायचा, थोडं थांबून तो पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. केसाएवढी भेगही लपत नाही. ही विद्या त्याच्या डोक्यात चढली होती. माझ्या घराच्या वास्तुशांतीला पंगत बसलेली, आणि हा किल्लीनं नवं फाटक वाजवून बघून राहिलेला. ‘जोड पोकळ हाय,’ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘मालकासारखाच.’ माझ्या सासरची माणसं पोट धरून हसली. मी अजून हसलेलो नाही.

कारखान्यात कुणाशीच पटेना, तेव्हा तो गावी, कुरुंद्याला परत आला आणि हळद शिजवायचा वाफेचा जुना बॉयलर घेऊन भाड्यानं फिरवू लागला. तुकाराम तो चालवायचा. हंगामाआधी दिगांबर स्वतः बॉयलरचे जोड तपासायचा. पास झाला की आपल्या हातानं पुसून लख्ख करायचा. भेग निघाली तर पांढरं तसंच ठेवून निघून जायचा. तोंडानं सांगायचं नाही. तुकारामानं ते पाहावं आणि मुकाट्यानं वेल्डिंग करून आणावं. एकदा तुकाराम म्हणाला, ‘साहेब, एक फोन केला असता तर...’ दिगांबरानं त्याची मान धरून नाक त्या रेघेवर घासलं. ‘डोळे काय गहाण ठिवले व्हय? बोलायचं काय त्यात, दिसतंय की.’ आणि तसंच पांढरं नाक घेऊन त्याला हॉटेलात चहा आणायला धाडलं.

यंदा त्यानं संध्याकाळी तपासणी केली. खालच्या जोडावर रेघ उमटली. ती तशीच ठेवून तो नांदेडला लग्नाला गेला. इकडं सकाळी हंगामाचा मुहूर्त होता. पहिल्या शिजवणीआधी बॉयलरला हळदकुंकू लावून नारळ फोडायची आमच्याकडं रीत. दरवर्षी वहिनीच्या, म्हणजे दिगांबरच्या बायकोच्या हाती पुसलेला बॉयलर यायचा. यंदा पुसायला नवरा नव्हता. पूजेच्या वस्तूवर पांढरं बरं दिसत नाही, म्हणून तिनंच ओल्या फडक्यानं तो पुसला आणि कुंकवाची बोटं ओढली. तुकाराम आला, त्याला बॉयलर लख्ख दिसला. म्हणजे पास. त्यानं तो शेतात नेऊन पेटवला. दुपारी दिगांबर लग्नाहून थेट शेतात आला. पेटलाय म्हणजे जोड करून आणला असणार, असं धरून तो जवळ गेला. तुकाराम लाकडं आणायला गेला होता, म्हणून वाचला.

‘पांढरं कुणी पुसलं?’ दवाखान्यात दिगांबरानं मला विचारलं. तुकारामाला विचारून मी त्याला सांगितलं, तुकाराम आला तेव्हा बॉयलरवर कुंकू होतं. कुंकू म्हणजे बायकोचा हात, हे त्याला कळलं.

‘तिला सांग,’ म्हणाला. ‘भेग दिसली की दाखवायची. कुणाची हाय ते बघायचं न्हाई.’

‘तूच एक फोन केला असता तर?’ मी म्हणालो. अंगभर भाजलेल्या माणसाला मी हे बोललो. त्यावर त्यानं मान फिरवली. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

मी वहिनीला सांगितलं नाही. नुकतं कपाळ पुसलेल्या बाईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि गावाला तर दोष द्यायला तुकाराम आयता सापडला होता. तेरवीला तो खाली मान घालून पंगतीत बसला. वहिनी आली, त्याच्यापुढचं वाढलेलं पान उचललं आणि अंगणातल्या कुत्र्यापुढं ठेवलं. ‘नवरा खाल्लास की माझा. अजून भूक हाय व्हय?’ तो उठून गेला. आता त्याला कुणी हंगामाला बोलावत नाही. वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानात बसतो.

मागच्या आठवड्यात वहिनीनं बोलावून घेतलं. आदल्या दिवशी ती शेड आवरत होती. दिगांबरचा पावडरचा एक डबा हाताळताना फवारा उडून पत्र्याच्या दारावर पांढरा डाग पडला होता. मी गेलो तेव्हा ती त्याच्यासमोर उभी होती.

‘भाऊजी, बॉयलरवर असंच होतं. मधी लाल रेघ होती. मला वाटलं, रंगाचा ओघळ हाय.’ मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘तुमाला ठाऊक होतं?’

‘व्हय.’

‘त्यांना?’

‘त्यालाही.’

ती खाली बसली. रडली नाही... रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

‘काल फाट्यावर जाऊन आले,’ ती म्हणाली. ‘तुकारामानं मला पाहिलं आन् दुकानाचं शटर वढून घेतलं. तुमी त्यांच्यावर पेपरात लिहिणार हाव ना? मग मी पुसलं म्हणून लिहा. बराबर नाव घालून लिहा, रुक्मिणीनं पुसलं. पेपर तर वाचंल त्यो.’

निघताना त्या दाराकडं पाहवेना. डाग पुसायला मी खिशातून रुमाल काढला.

‘हात लावू नका,’ वहिनी म्हणाली.