धवला कुणी शिकवला

तो माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधी सांगून टाकते. घाटावरून आलेला, तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात माझ्याच खात्यात कामाला, सालवडला खोली. सुट्टीच्या दिवशी संगीत नाटकं बसवायचा, चाली त्याच्याच. त्यात कुणी साधं बोलायचंच नाही, सगळं गाऊन. चाल चुकली की हाताला येईल ते फेकून मारी. एकदा हातोडी तबलजीच्या कपाळावर बसली. आधीच्या नाटकात त्यानं देवाला दारू पाजून गायला लावलं, तेव्हा चिंचणीला लोकांनी पडदा फाडला. पण मेला पेटीवर बसला की असं काही वाजवी, शिवी तोंडातच राहायची.

माझी आई मुरब्याची धवलारीण. धवला हे आमचं लग्नातलं गाणं. हळदीच्या मांडवाबाहेर ते कुणी ओठावर आणत नाही. त्यानं मला तेच मागितलं. बदल्यात नवरीचं मुख्य काम देतो म्हणाला. मी हावरट, जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. आईला चालेल ना, असं त्यानं दोनदा विचारलं होतं. आईचं मी बघते म्हटलं, आणि बघितलं काहीच नाही.

प्रयोग मुरब्यातच, भर दुपारी. शेवटी नवरीचा खून होतो. मी डोळे मिटून मेलेली पडले होते, आणि त्यानं पेटीवर धवला सुरू केला. मढ्यावर हळदीचं गाणं! दगड यायला लागले. पुरुष वर चढले, त्याला केसाला धरून खाली पाडलं, लाथा घातल्या. मी डोळे किलकिले केले. आई त्याच्यासमोर उभी होती.

"कुनी शिकवला तुला?"

मी दोन हात अंतरावर. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुणी नाही. मांडवामागं उभा राहून चोरला."

पुरुषांनी त्याचा उजवा हात पेटीवर दाबून धरला आणि वल्ह्यानं ठेचला. बोटं मोडताना मी ऐकली. माझ्या एका शब्दानं ते थांबले असते. मी मेलेली होते, मेलेलीच राहिले. थू माझ्या जिण्यावर.

त्यानं पुन्हा पेटी उघडली नाही. कारखान्यात डाव्या हातानं जेवायचा आणि माझ्याशी नीट बोलायचा. त्यापेक्षा हातोडी फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी माझी हळद. आई धवला म्हणत होती. मला सोसवेना. सगळ्या बायकांसमोर बोलून गेले, "आई, तो धवला मी शिकवला त्याला."

आईनं हळदीच्या तोंडावर अशी चपराक दिली की ओठ फुटला. मग माझ्या कानाशी वाकली.

"मला तवाच कळला होता. तुजी बोटं मोडली असती त्यांनी, म्हनून त्याची मोडू दिली."

आणि तिनं धवला जिथं सोडला होता तिथूनच उचलला. तिचं नरडं आवळावं असं मला वाटलं. मी ओठाचं रक्त गिळलं आणि हळद लावून घ्यायला दुसरा गाल पुढे केला.