मंजुळा नावाच्या दोघी

हाक मारली की ती लगेच ओ देत नसे. हातातलं काम थांबवायची, मान थोडी कलती करायची आणि एक बोट वर धरायची. क्षणभर तशीच उभी. मग घोगऱ्या आवाजात, "ओ."

खुटबावच्या आमच्या अंगणवाडीत मी सेविका आणि ती मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, दुपारी झाडलोट करायची. मला आधी वाटलं, कानानं कमी असेल. एकदा वैतागून विचारलंच, तर म्हणाली, "थांबावं लागतं ताई. आधी तिला ओ देऊ द्यावी."

"कुणाला?"

"मंजुळाला."

आता, मंजुळा हे तिचंच नाव. मंजुळ म्हणजे कानाला गोड. हिचा आवाज असा, की "खिचडी झाली!" म्हणून ओरडली की पत्र्यावरची कबुतरं उडत. स्वतःच हसायची. "ठेवणारानं आवाज ऐकायच्या आधीच नाव ठिवलं!" तिच्या लहानपणी हे नाव गल्लोगल्ली होतं. थोरली मंजुळा, मळ्यातली मंजुळा, असं सांगावं लागे. मग सुनीता, मंगल, सविता आल्या आणि मंजुळा मागं पडली. तुमच्या ओळखीत एखादी असलीच, तर आजी झालेली असेल. माझ्या हजेरीत तीन आराध्या आणि दोन स्वरा, मंजुळा एकही नाही.

एका दुपारी तांदूळ निवडताना तिनं सांगितलं.

"माझ्या आधी एक बहीण व्हती. चार वर्साची. विहिरीत गेली. मग मी झाले, तवा आईनं मला तेच नाव ठिवलं. हाक मला मारायची आन् बघायची विहिरीकडं." एक खडा वेचून टाकत म्हणाली, "मला ऐकू येतं ताई. माझ्या आधी ती ओ देती. आवाज अजून लहानच हाय."

कोथिंबिरीचा भाव सांगावा, तितक्या सहज सांगितलं. मला कधी काही ऐकू आलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागले. नावानं हाक मारायची हिंमत होईना.

पुढं तिच्या मुलाला मुलगी झाली. मुलगा रोज डेमू गाडीनं पुण्याला कामाला जाणारा, सून शिकलेली. सुनेनं मोबाइलवर पाहिलं होतं की जुनी नावं परत आलीत. "मंजुळा किती वेगळं वाटतं! आणि सासूबाईंचं नावही पुढं चालेल." जित्या माणसाचं नाव ठेवतात का, म्हणून शेजारणी कुजबुजल्या. मावशी मात्र धावत माझ्याकडं आली.

"ताई, तुमचं ऐकत्यात ती. सांगा त्यास्नी. त्या नावाला मालकीण हाय. हाक मारली की ती येती. माझं झालं ते झालं, पोरीच्या वाटंला नको."

मी जाऊन सांगितलं. सून हसली. "मॅडम, तुम्ही पण?"

बारशाला पाळणा शेवंतीनं मढवला होता. पोर रडून लाल झालेली. आत्या कानात नाव सांगायला वाकणार, तोच मावशीनं तिला बाजूला सारलं आणि स्वतः पाळण्यात वाकली. ओठ हलताना दिसले. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज इतका हळू निघाला असेल. जवळ उभी असून मला अक्षर कळलं नाही. पोर मात्र रडायची थांबली.

"नाव सांगितलंय मी," ती सरळ होत म्हणाली.

"काय सांगितलं?"

"जिचं हाय तिला कळलं."

आत्यानं ओशाळून मोठ्यानं "मंजुळा!" म्हटलं. बायकांनी तिच्या पाठीत धपके घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि सगळे पांगले.

पोरगी वर्षाची झाली, तरी मंजुळा म्हटल्यावर मान वळवेना. केडगावच्या डॉक्टरांनी कान तपासले, ठणठणीत होते. ताटली पडली तर दचकायची. पण मावशीनं चुलीपाशी बसून काहीतरी पुटपुटलं, की रांगत थेट तिच्या मांडीवर.

मुलगा काकुळतीला आला. "आई, काय म्हणतीस तिला? सांग की."

"तुला सांगितलं तर तू मोठ्यानं हाक मारशील," ती म्हणाली. "मग ती बी ऐकल."

गेल्या हिवाळ्यात मावशी तापानं फणफणली. शेवटी मुलानं उशाशी बसून पुन्हा विचारलं. तिनं नातीला छातीशी ओढलं आणि नुसती मान हलवली. न्हाई. त्या संध्याकाळीच ती गेली.

नात आता तीन वर्षांची आहे, माझ्याच अंगणवाडीत येते. हजेरीत मंजुळा म्हटलं तर चित्र काढत बसते. मी बाळा, पिल्लू म्हणून भागवते. नवीन मदतनीस अजून मिळालेली नाही, खिचडी बचत गटाच्या बायका घरून आणून देतात. स्वयंपाकाची खोली बंदच असते.

परवा जेवताना ती एकदम थांबली. आपल्या माणसानं बोलावल्यावर उजळतो, तसा तिचा चेहरा उजळला. ताटली ठेवून उठली, त्या बंद दारापाशी गेली, फळीला गाल लावून थोडा वेळ उभी राहिली आणि हसत परत आली.

"काय गं, कुठं गेली होतीस?"

"हाक मारली."

"काय म्हणून?"

तिनं खरकट्या हातांनी माझी मान खाली ओढली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. तिचा गरम श्वास मला लागला. ती बोलायच्या आत मी मान सोडवून घेतली आणि उभी राहिले.