हरण्याचा पट्टा

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वर्षभर गुपचूप वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर मनातल्या मनात हसलेय. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. अजूनही आहे असं म्हणवत नाही. पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी शिरूरला एका डेंटल लॅबमध्ये काम करते. दातांच्या कॅप्स बनवायच्या, शेजारच्या दाताशी रंग जुळवायचा... दिवसभर हेच. त्यातूनच बोटभर उंचीच्या मूर्ती रंगवायचा नाद लागला. दौंडचा एक ओळखीचा त्या थ्रीडी प्रिंटरवर काढून देतो, मी रंगवते. मागच्या वर्षी एका स्पर्धेसाठी त्याने हाडांच्या सांगाड्याचा पहारेकरी दिला होता, छातीवर तिरका चामडी पट्टा असलेला. हाड आणि जुनं चामडं – दोन्ही अवघड. हाड पांढरं नसतं. टोकांना पिवळट, मध्ये राखाडी, बारीक छिद्रांचं. आणि चामडं सगळीकडे सारखं झिजत नाही. कडा फिकट होतात, हात लागतो तिथे काळसर चकाकी येते. फोटो बघून मला ते जमत नव्हतं.

माझी धाकटी बहीण सविता कवठे येमाईला दिलेली. एका रविवारी मी तिच्याकडे गेले तेव्हा त्यांच्या रानात शेततळ्यासाठी जेसीबी चालू होता. मुरमातून बैलाची हाडं निघाली. सगळे चहाला गेले होते. मी खाली उतरले. जबड्याच्या हाडाचा एक तुकडा आणि त्याच्याजवळच मातीने माखलेला, दुमडून कडक झालेला, बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा चामडी पट्टा. मला हवं ते दोन्ही एकाच जागी! पर्समध्ये टाकलं. कुणाला विचारलं नाही.

थोड्या वेळाने सविताचे सासरे काठी टेकत आले. आबांची नजर पार गेलेली. तो बैल त्यांचा, हरण्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच त्याला पट्ट्यासकट तिथे पुरलं होतं. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, मुलाला विचारलं. मग माझ्याकडे वळले.

"पोरी, तुझी नजर बारीक. पट्टा दिसला का कुठं?"

"नाही आबा," मी म्हणाले.

का म्हणाले? स्पर्धा तोंडावर होती, हे एक. आणि पर्समधून काढायची लाज वाटली, हे खरं कारण.

पंधरा दिवस तो पट्टा समोर ठेवून मी रंगवत होते. दोन घुंगरांच्या मध्ये एक आडवी भेग दिसत होती, ती तशीच्या तशी मूर्तीच्या पट्ट्यावर काढली. वर वार्निशचे दोन हात दिले. पाठवण्याआधी सविताला दाखवायला घेऊन गेले, तर तिने कौतुकाने ती आबांच्या हातात ठेवली.

आबांचा अंगठा मूर्तीवरून फिरला आणि त्या भेगेवर थांबला. लक्षात घ्या, तिथे हाताला लागण्यासारखं काहीच नव्हतं. नुसता रंग, वरून गुळगुळीत.

"हितं टाका हाय," ते म्हणाले. "निळ्या दोऱ्याचा. काळा दोरा नव्हता तवा माझ्यापाशी. ह्यो हरण्याचा हाय."

सविता हसली, म्हणाली आबा, प्लॅस्टिकची बाहुली आहे ती. आबांनी मूर्ती हळूच माझ्याकडे दिली. त्यांचं तोंड माझ्याच दिशेला होतं. मी मूर्ती डबीत ठेवली.

घरी येऊन पट्टा पाण्यात भिजवला. संध्याकाळपर्यंत घडी सुटली. भेगेच्या मागच्या बाजूला, मातीखाली, निळ्या नायलॉनचे तीन टाके होते. मी ते कधी बघितलेच नव्हते. मूर्तीवरही काढले नव्हते.

मी घाबरले म्हणण्यापेक्षा ओशाळले. पुढच्या रविवारी नेऊन द्यायचं ठरवलं. मग वाटलं, काय सांगून द्यायचं? खोटं बोलले, हे कसं सांगायचं? एक रविवार गेला, दुसरा गेला, असे पाच गेले. स्पर्धेत मूर्तीचं कौतुक झालं, ते सर्टिफिकेट मी अजून पाकिटातून काढलेलं नाही. सहाव्या आठवड्यात सविताचा फोन आला. आबा सकाळी अंगणात बसल्या बसल्याच गेले होते.

दहाव्याला मी पट्टा आणि हाड घेऊन गेले. सविताचा नवरा, संतोषराव, एकटे ओसरीवर होते. सगळं सांगून टाकलं. त्यांनी पट्टा हातात घेतला, पण चकित झाले नाहीत.

"आबांनी सांगितलं व्हतं, ताई. म्हनले, पट्टा शिरूरच्या पोरीकडं हाय, ती आणून दील आपणहून. कुणी इचारायचं न्हाई, लाजंल ती."

मला तिथे बसवेना. आम्ही दोघांनी पट्टा आणि हाड शेततळ्याच्या बांधावर पुरलं.

सरावलेल्या बोटांना रंगाचा थरही कळतो, असं लॅबमधले सर म्हणतात. असेल. पण मला न दिसलेले टाके त्या बोटांना कसे कळले, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मीही शोधायचं सोडून दिलंय.

निघताना सविता फाट्यापर्यंत सोडायला आली होती. ती सहज म्हणाली, शेवटचे काही रविवार आबा खाट अंगणात, रस्त्याकडे तोंड करून टाकायला सांगायचे. शिरूरची एसटी आली का, म्हणून दोन-दोनदा विचारायचे.