पैलवानांचे पंजे

कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं. विलायतेला दुसरीकडून कापूस मिळेनासा झाला होता म्हणे, आणि इकडे अमरावती-अकोल्याचे व्यापारी हौसेनं कुस्त्यांचे फड भरवत सुटले होते. आमच्या वलगावात लोकांनी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या. मला वेड लागलं ते पैलवानांच्या पंजांचं.

जिंकलेल्या पैलवानाच्या गळ्यात हार पडला, की हारवाल्याचा माणूस कापडाचा तुकडा पुढे करायचा. पैलवान घामानं ओला, गुलालानं माखलेला पंजा त्यावर उमटवायचा. हार पोचल्याची तीच पावती, लिहायला येत होतं कोणाला? काम झालं की ते तुकडे फेकून देत, आणि मी हारवाल्यांच्या मागे लागून ते मिळवायचो. घरचे मला खुळा म्हणत. म्हणोत बापडे.

आमचा गाडीवान कापूस घेऊन अकोल्याला जायचा. तिथल्या एका हाराच्या दुकानात त्याला भिंतीवर असेच पंजे टांगलेले दिसले. माझ्याकडे एका पैलवानाचे दोन पंजे होते, त्यातला एक मी पाठवला. तिकडून अकोल्याच्या पैलवानाचा आला. मग हे सुरूच झालं. दुकानात डोळ्यांनी अधू असलेला एक म्हातारा बसायचा, त्याच्याच हाती देणंघेणं. पंजासोबत निरोपही यायचा, की अमक्याचा खांदा दुखावलाय, पुढच्या फडात तो चीत होईल. आणि तो व्हायचाच. मी तुरीची डाळ धाडायचो, तिकडून शेवंतीची रोपं यायची. हे सगळं पाठवणारा म्हाताऱ्याचा मुलगा असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. सख्ख्या भावाचा मला इतका लळा नव्हता.

अमरावतीला मोठा फड ठरला तेव्हा दोस्ताला घेऊन यायला मी स्वतः अकोल्याला गेलो. नेमका बाजाराचा दिवस. भर रस्त्यात दुकानासमोर उभा राहून मी मोठ्यानं विचारलं, "बाबा, पंजे पाठोते तो माया दोस्त कुठं हाय? त्याले कुस्ती दाखवाले न्याले आलो."

म्हातारा खूश झाला. म्हणाला, "पोरगा तं कवाच गेला, बापू. पंजे आमची सून पाठोते."

मी हादरलोच. शेजारच्या तांबटाची हातोडी थांबली. रस्त्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. दुकानाच्या आत पदर पुढे ओढून एक बाई हार गुंफत बसली होती, आणि तिला, एका विधवेला, मी चारचौघांत दोस्त म्हणून हाका मारत होतो. इतका धक्का मला आयुष्यात बसला नव्हता.

तिनं मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "भाऊ, म्या कुस्ती कधी पायलीच नाई. हार न्याले येनाऱ्यायच्या तोंडून आयकलं तेवढंच."

मग उठून तिनं भिंतीवरचे सगळे पंजे उतरवले, गाठोडं बांधलं आणि सासऱ्याच्या हातून मला दिलं. "आता काई पाठवू नका," एवढंच बोलली.

म्हाताऱ्याला काय झालं ते कळलंच नाही. तो मला पाणी विचारत राहिला.

ठरल्या दिवशी मी फडाला गेलो. दोन पैलवान मातीत उतरले, आणि शेजारी बसलेल्या गाडीवानानं विचारलं, कोण जिंकेल? मला सांगता आलं नाही.