बसव्वाचे कान आणि काव्याचं तोंड

नवी पेठेच्या मागच्या गल्लीतली खानावळवाली बसव्वा ठार बहिरी आहे, हे महिन्याभरात अख्ख्या पेठेला ठाऊक झालं होतं. भेळ कुठं खावी, चहा कुठं प्यावा यावरून भांडणाऱ्या माणसांचंही एवढ्यावर एकमत होतं: कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची तर बसव्वाकडंच, पण काय हवं ते हातानं दाखवा, तिला ऐकू येत नाही.

हे साफ खोटं होतं. खोटं निघालं कुठून, ते अकरावीतल्या काव्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते तिच्याच तोंडातून निघालं होतं.

बसव्वा हाकेला ओ देत नसे, एवढं मात्र खरं. "अव्वा, भाकरी!" म्हणून कुणी बोंबललं तरी तव्यावरून तिची मान वर व्हायची नाही. त्याच वेळी कोपऱ्यात गुपचूप जेवणाऱ्याच्या ताटात न मागता भाकरी येऊन पडायची. काव्यानं यातलं अर्धंच उचललं. नकला तिच्या अंगातच होत्या. गणिताच्या सरांचा खोकला ती सरांपेक्षा बरा खोकायची. क्लास सुटल्यावर कमरेला ओढणी खोचून, कानामागं हात धरून ती मैत्रिणींपुढं सुरू झाली, "आँऽ? मोट्यानं बोल की गं! सकाळपासनं हितं कोन बोललंच न्हाय!" उत्कर्षा हसून हसून खाली बसली, पण बसता बसता तिनं फोनवर सगळं उतरवून घेतलं. चार दिवसांत ती बहिरी बसव्वा घरोघरी पोचली.

मग गिऱ्हाईकं खऱ्या बसव्वाच्या कानाशी जाऊन ओरडू लागली. एकानं तर कागदावर 'डाळ' लिहून तिच्या तोंडापुढं धरलं.

एका दुपारी काव्या जेवत होती. गल्ल्यावर बसलेला बसव्वाचा मुलगा मल्लिनाथ उठून आईकडं गेला. "अव्वा, बास झालं आता. लोकं हसायलेत. सोमवारपासनं मोडनिंबची एक बाई येईल तव्यावर. तू घरी बस."

 बसव्वानं पीठ मळलं, आणि मळून झालेलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

काव्यानं हातातला घास ताटात ठेवला. एकोणतीस वर्षं त्या चुलीपुढं बसलेली बाई तिच्या दीड मिनिटाच्या गमतीनं उठणार होती. दुसऱ्या दिवशी खानावळ उघडायच्या आधीच काव्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"अव्वा, ते फोनमधलं... ते मी केलं."

"ठाऊक हाय की. आवाज बरा काडतीस. पर मी आँ म्हणत न्हाय कदी."

"मग ऐकू येतं म्हणून लोकांना सांगत का नाही तुम्ही?"

"वरडणाऱ्याला मल्लिनाथ वाढतोय की. गप बसणाऱ्याकडं कुणी बघायचं? भाकरी अख्खी मोडली की खणकन वाजती. शेवटचा तुकडा मोडला की नुसतं किट्. तेवडं ऐकायचं म्हणलं तर बाकीच्यांची बोंब कानात घिऊन कसं चालंल?"

"मग मल्लिनाथकाकांना तरी सांगा!"

"त्यो म्हणंल, अंदाजानं वाढतीस." बसव्वानं हात झटकले. "पैज लाव माज्यासंगट. दुपारी भिंतीकडं तोंड करून बसते. कुणाचं ताट रिकामं झालं ते सांगते. एक जरी चुकले तर सोमवारी घरी बसते, तुजं नाव काडत न्हाय. न्हाय चुकले, तर तू सगळ्यांपुडं खरं बोलायचं. नक्कल न्हाय, तुज्या आवाजात."

काव्या हो म्हणाली. हरायला मिळावं म्हणूनच हो म्हणाली. निदान तिला तसं वाटलं.

दुपारी खानावळ भरली. आई म्हणाली म्हणून पारख करायला मल्लिनाथ हाताची घडी घालून उभा. बसव्वा भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"खांबापाशी एक." बरोबर.

"दारात नवा माणूस हाय, भीत भीत मोडायलाय. इचारू नका, वाढा." तेही बरोबर.

"खिडकीखाली दोन द्या. सकाळपासनं उपाशी दिसतोय."

सात ताटं, सातही बरोबर. मल्लिनाथची घडी सुटली.

इथं थांबायला हवं होतं. पण काव्याच्या अंगातली खोड उठली. शेजारी बँकेतले रामहरीकाका बसले होते. ते शेवटचा तुकडा रोज एकाच तऱ्हेनं मोडायचे: किट्, जरा थांबून पुन्हा किट्. त्यांच्या ताटात आत्ताच भाकरी पडली होती. काव्यानं आपल्या भाकरीचा एक कोपरा धरला आणि हुबेहूब केलं. किट्... किट्. करताक्षणीच तिला स्वतःची शिसारी आली. बाईची जागा पणाला लागलीय आणि आपण हे काय करतोय?

 बसव्वानं मान वळवली नाही.

"रामहरीनं अजून भाकरीला हात लावल्याला न्हाय," ती म्हणाली. "काव्या, पुरं कर. तुजी भाकरी मगापासनं तशीच पडलीया."

खानावळ खदखदून हसली. मल्लिनाथ हसला नाही; त्यानं फोन काढला आणि मोडनिंबच्या बाईला येऊ नका म्हणून कळवलं.

मग काव्या उठली. आता ही कुणाचा तरी आवाज काढणार म्हणून माना तिच्याकडं वळल्या. स्वतःच्या आवाजात एवढ्या माणसांपुढं बोलायची तिला सवय नव्हती, दोनदा अडखळली. पण पैज हरली होती, तेव्हा सगळं शेवटपर्यंत सांगितलं, उत्कर्षाचं नाव न घेता.