घट्ट वेणी

नवऱ्याचं नाव मी जन्मात कधी घेतलं नाही. उखाण्यात अडवलं तेव्हा घेतलं असेल, तेवढंच. आता ते नाहीत म्हणून घ्यायला लागले, तर लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला. म्हणून इथेही मी ‘हे’च म्हणणार.

मी वर्धेकडची, कापसाच्या मुलखातली. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन आरमोरीजवळच्या धानाच्या, म्हणजे भातशेतीच्या गावात आले. घरात सासू नव्हती. सासरे, हे आणि बैलजोडी, एवढाच संसार. पहिल्या दिवाळीच्या तोंडावर हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला आणि मी मोठ्या तोऱ्यात विळा घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात उतरले. आमच्याकडे ज्वारी कापतात तसा धानाचा झुबका धरला, विळ्याला हिसका दिला आणि तो थेट डाव्या तळहातात घुसला. शेजारणींनी हळद दाबून चिंधी बांधली. वर “कापूसवाल्याईची पोरगी, बोंडंच वेचत होती वाटते,” हेही ऐकवलं.

हात बांधलेला आणि केस कमरेपर्यंत. एका हाताने वेणी कशी घालणार? डोक्याचं पार घरटं झालं. मग एका सकाळी सासरे बांधीत गेलेले पाहून हे फणी घेऊन आले.

“बस इथी.”

“तुमाले येते?”

“बस त.”

अशी चापून वेणी घातली की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या. “अवो, वेणी घालून राह्यले का बैलाले दावं बांधून राह्यले?” मी ओरडले.

“सैल घातली त सुटते,” हे म्हणाले. कुठे शिकलात विचारलं, तर हसून गोठ्यात निघून गेले.

भाऊबीज झाली आणि माझे बाबा मला माहेरी न्यायला आले. बाबा तालमीत घुमलेले, मिशीला पीळ देणारे. माझ्या आईला त्यांनी कधी पाण्याचा तांब्या उचलून दिला नव्हता. बाईच्या कामाला हात लावणारा पुरुष त्यांच्या लेखी पुरुषच नव्हे. दुसऱ्या दिवशी गावात मंडई होती. मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा, आणि तिच्यात भरदुपारी दंडार. गावचे पुरुषच नाचतात, गातात, सोंगं घेतात. वर्धेकडच्या माणसाला हे काय ठाऊक!

आम्ही चिंचेखाली बसलो. ढोलकी कडाडली आणि एक उंच, नाकेली बाई लुगड्याचा पदर खोचून रिंगणात आली. कपाळभर कुंकू, गंगावन लावून चापून घातलेली वेणी. बाबा रंगात आले. “काय नाचून राह्यली हे बाई!” म्हणाले, आणि एकदम थांबले. “अवं, हे लुगडं त मीच घेतलं होतं तुह्या लग्नात!”

मी बाबांच्या आधीच ओळखलं होतं, लुगडंही आणि नाकही. माझ्या पेटीतून न विचारता नेलं होतं. कुठे तोंड लपवू असं मला झालेलं, आणि शेजारचे एक आजोबा मात्र कौतुकाने सांगतात, “तुमचा जवाई हाय तो, भाऊ! असं बाईचं सोंग आसपास कोनी घेत नाई.”

बाबा उठले ते तडक घरी आले. “पेटी भर. न्यालेच आलो होतो, आता वापस धाडत नाई. नाचनाऱ्याच्या घरी मी पोरगी देली नोती.”

बाप बोलला म्हणजे संपलं. माहेरी बसलेल्या किती पोरी मी पाहिल्या होत्या. आणि मला तर हा माणूस आवडायला लागला होता, फार आवडायला लागला होता. पण असं बापाला सांगायची तेव्हा सोय नव्हती. मी रडत रडत एका हाताने पेटी भरली.

संध्याकाळी हे आले. डोळ्यांत काजळ तसंच होतं. लुगड्याची नीट घडी करून माझ्या हातात ठेवली. “चुकलं माह्यं, मामाजी. विचारून न्याले पायजे होतं.” माफी मागितली ती लुगड्याची. नाचाबद्दल अवाक्षर नाही.

सकाळी गाडी जुंपली. मी विस्कटल्या केसांनी ओसरीवर उभी होते. हे फणी घेऊन बाहेर आले, आणि बाबा समोर, सासरे समोर, गाडीवान समोर, सगळ्यांच्या देखत मला खाली बसवून वेणी घालायला लागले. “रस्त्यानं केस सुटतीन,” एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आनंदही इतका झाला की हुंदका दाबताना ठसका लागला.

बाबा पाहत राहिले. “रोज तुमीच घालता?”

“हात कापला तवापासून, मामाजी.”

बाबांनी माझा बांधलेला हात हातात घेतला. मग घसा खाकरून म्हणाले, “जखम भरली का आनून सोडतो.”

“भरायची वाट काऊन पायता?” हे म्हणाले. “मी हाय न वेनी घालाले.”

सासरे फसकन हसले. मग बाबाही हसले. देव दिवाळीच्या आत मी परत आले होते, जखम पुरती भरायच्या आधी.

पुढे गुडघे साथ देईनात तोवर हे दंडारीत नाचले. दर मंडईला पेटीजवळ उभे राहून विचारायचे, “नेऊ का?” मी म्हणायचे, “न्या, पन घामानं खराब करू नोका.” आम्हाला पोरी झाल्या. त्यांच्या वेण्याही ह्यांनीच घातल्या, आणि त्या कार्ट्या “बाबा नको, आई पायजे” म्हणून घरभर पळायच्या. मग नातीचा नंबर लागला. तिला तर समोर दोरीचे पेड धरून वेणी घालायलाच शिकवलं.

हे गेले त्याला वर्ष झालं. माझा खांदा आता वर होत नाही. परवा नात गडचिरोलीहून आली आणि फणी घेऊन माझ्या मागे बसली. पहिल्याच पेडाला माझ्या भुवया वर गेल्या, डोळ्यांतून पाणी आलं.

“दुखलं का आजी? आबानं अशीच शिकवली मले. सैल करू?”

“नोको,” मी म्हटलं. “सैल घातली त सुटते.”