कुंपणावरची अकरा करवंदं

आज सकाळी कुंपणाच्या करवंदीच्या जाळीवर करवंदं दिसली. मोजली, अकरा भरली. तीन काळी झालेली, बाकीची अजून लालच.

ही जाळी बायकोची. आजारपणात तिच्या तोंडाला चव राहिली नव्हती, पण त्या वैशाखात तिने द्रोणभर करवंदं खाल्ली आणि बिया बशीत वेगळ्या काढून ठेवल्या.

"अहो, या आजच पेरा. वाळल्या की उगवत नाहीत."

मी बावीस बिया पेरल्या, त्यांतली चौदा रोपं जगली. पावसाळ्यात ती कुंपणाला दोन-दोन हातांच्या अंतरावर लावत होतो, तेव्हा तिने खिडकीतून विचारलं, "फळ कधी धरेल?"

"चौथ्या वर्षी."

"एकदा तरी खोटं बोलायचं की हो! पुढच्या वर्षी म्हणायचं."

ती हसली. मला मात्र तेव्हाही दुसरा आकडा सुचला नाही. डॉक्टरांनी सांगितलेले महिने आम्हा दोघांनाही ठाऊक होते. दिवाळीआधीच ती गेली.

रोपांना पहिला उन्हाळाभर पाणी घातलं. पुढे त्यांना ना खत लागलं, ना राखण. ज्याला जपावं ते जात राहतं आणि हे कातळावरही तगतं.

करवंद फोडण्याआधी ती नेहमी विचारायची, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आज एक काळं करवंद तोडून हातात धरलं. विचारणारं कुणी नव्हतं. न फोडताच तोंडात टाकलं. देठाचा चीक बोटांना चिकटून राहिला.

हे चौथं वर्ष. माझा आकडा बरोबर निघाला.